भाड्याची कूस, उसनी कूस

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. विषय जरा अवघड आहे, म्हणून दोनदा लिहून पुसलं. पण आता लिहायलाच हवं.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. तिला गर्भाशयाचा त्रास सुरू झाला आहे आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. चहा झाल्यावर थोडा वेळ ती गप्प बसली, मग म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा माझ्या कागदांचं वहीत लिहून घेतलं होतं ना? ती वही आहे का हो?"

वही कशाची, हे सांगायचं तर मागे जावं लागेल. २०१० सालची दिवाळी नुकतीच झाली होती. हीच मुलगी (मुलगी कसली, तेव्हा दोन लेकरांची आई होती) प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. नवऱ्याचं सातपूरच्या कारखान्यातलं काम सुटलेलं, अंगावर कर्ज. कुणा बाईच्या ओळखीनं तिला 'दुसऱ्यांचं मूल वाढवून द्यायचं' काम मिळत होतं. करार इंग्रजीत, अकरा पानी. सही नवऱ्यानंही करायची. "बाई, तुम्ही वाचून सांगा यात काय लिहिलंय." माझं शिक्षण मराठी माध्यमातलं बी. ए., जन्म इतिहास शिकवण्यात गेलेला. शब्दकोश घेऊन दोन दिवस बसले आणि शंभर पानी वहीत एकेका कलमाचा अर्थ मराठीत लिहून काढला. पैसे हप्त्यानं मिळणार. गर्भ राहिला नाही तर फक्त सुरुवातीचा हप्ता. किती गर्भ ठेवायचे, किती काढायचे हे डॉक्टर ठरवणार. बाळाशी पुढे कुठलाही संबंध ठेवायचा नाही. आणि तिच्या जिवाला काही झालं तर जबाबदारी तिची स्वतःची.

ते शेवटचं कलम मी तिला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई, बाळंतपणात मरायची भीती तर माझ्या दोन्ही वेळेला होतीच की. तेव्हा कुणी कागद केला होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती गेली, सही केली, काम पुरं केलं, परत आली. मी मात्र तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आले. इतिहास शिकवलेल्या माणसाची खोड, दुसरं काय! त्यातलं जे समजलं ते इथे मांडते.

पुराणापासून सुरुवात केली नाही तर आपल्याला चैन पडत नाही. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात नेला आणि बलराम जन्मला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सरोगसीच्या बाजूनं बोलणारे हीच गोष्ट हमखास सांगतात. रोहिणीला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र मी कीर्तनात कधी ऐकला नाही, आणि खरं सांगायचं तर वर्गात मीही कधी काढला नाही.

खरा इतिहास अलीकडचा. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडात २५ जुलै १९७८ ला जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातली पहिली अशी मुलगी जन्मली. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी लावली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांना यश आलं, ते आपल्याला जास्त माहीत आहे. ते सरकारी संशोधन होतं, महापालिकेच्या रुग्णालयात झालेलं.

या शोधानं एक गोष्ट कायमची बदलली. बीज एकीचं आणि कूस दुसरीची, हे शक्य झालं. आई या एका शब्दाचे तीन तुकडे झाले: जिचं बीज ती, जिनं नऊ महिने वाढवलं ती, आणि जी घरी नेणार ती. परदेशांत यावर लगेच वाद झाले. ब्रिटननं १९८५ मध्येच कायदा करून सरोगसीच्या दलालीला बंदी घातली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली 'बेबी एम' खटल्यात पैसे देऊन केलेला करार रद्द ठरवला. आपल्याकडे तेव्हा हा विषयच नव्हता.

आपल्याकडे तो आला २००४ मध्ये, गुजरातेत आणंद इथे. हो, दुधाच्या अमूलचं आणंद. डॉ. नयना पटेल यांच्या दवाखान्यात एका आजीनं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलीची जुळी बाळं स्वतःच्या पोटात वाढवून दिली. सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली. ही आईनं लेकीसाठी दिलेली उसनी कूस होती. पण थोड्याच वर्षांत आणंद, मुंबई, दिल्ली, बंगळूर इथे परदेशी जोडप्यांची रीघ लागली. अमेरिकेतल्या खर्चाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात इथे काम होई. इंग्रजी बोलणारे डॉक्टर होते आणि गरजू बायकांना तोटा नव्हता. त्या बायकांना एकत्र ठेवण्याची घरं निघाली. कूस उसनी होती ती भाड्याची झाली.

आणि कायदा? कुठल्याच कायद्यानं परवानगी दिली नव्हती आणि कुठल्याच कायद्यानं मनाईही केली नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती पाळली नाहीत तर शिक्षा काहीच नव्हती. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहितात ना, तसं. २००८, २०१०, २०१४ असे कायद्याचे मसुदे येत राहिले. २०१० च्या मसुद्यात तर स्वतःची मुलं धरून पाच जिवंत बाळंतपणांपर्यंत एका बाईला परवानगी द्यायचं लिहिलं होतं! तोही मसुदाच राहिला.

कायदा नसला की काय होतं, ते २५ जुलै २००८ ला आणंदमध्ये जन्मलेल्या एका मुलीनं दाखवून दिलं. (पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा बरोबर तिसावा वाढदिवस. योगायोग, दुसरं काही नाही.) तिला आणायला सांगणारं जपानी जोडपं तिच्या जन्माआधीच विभक्त झालं होतं. घरी नेणारी आई आता तिला नको म्हणत होती. बीज देणारी अनामिक होती. पोटात वाढवणारीचं काम करारानं संपलं होतं. म्हणजे तीन आया असून लेकराला आई नाही. जन्मदाखल्यावर आईचं नाव काय लिहायचं, पासपोर्ट कुठल्या देशाचा, काही कळेना. दुसऱ्याच दिवशी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, म्हणून बाळाला जयपूरला हलवलं. तिथे एका संस्थेनं न्यायालयात तक्रार केली की हा मुलांच्या व्यापाराचा प्रकार आहे. जपानहून तिची आजी आली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २९ सप्टेंबर २००८ ला 'बेबी मांजी यामादा' खटल्याचा निकाल लागला. न्यायालयानं सरोगसी म्हणजे काय, तिचे प्रकार कोणते, हे सगळं सांगितलं आणि तक्रार असेल तर बालहक्क आयोगाकडे जा म्हटलं. शेवटी राष्ट्रीयत्वाचा उल्लेख नसलेलं ओळखपत्र घेऊन ती मुलगी आजीबरोबर नोव्हेंबरात जपानला गेली. तीन महिन्यांची.

दुसरं प्रकरण जर्मन जोडप्याचं. त्यांची जुळी मुलंही आणंदचीच, जानेवारी २००८ ची. जर्मनीत सरोगसीला मनाई, म्हणून ती मुलं जर्मन नाहीत. भारत म्हणे, आईबाप जर्मन, म्हणून भारतीय नाहीत. २००९ च्या नोव्हेंबरात गुजरात उच्च न्यायालयानं सांगितलं की जिनं जन्म दिला ती भारतीय बाईच आई, म्हणून मुलं भारतीय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अखेर २०१० च्या मे महिन्यात दत्तकविधानाच्या वाटेनं ती मुलं जर्मनीला गेली. बापानं स्वतःचीच मुलं दत्तक घेतली म्हणा ना! त्याच सुमारास एक इस्रायली बाप आपल्या जुळ्यांना घेऊन कित्येक आठवडे मुंबईत अडकून पडला होता.

दरम्यान ऑगस्ट २००९ मध्ये विधी आयोगानं आपला २२८ वा अहवाल दिला. कृत्रिम गर्भधारणेच्या या एकूण उद्योगाला त्यांनी २५ हजार कोटी रुपयांचा सोन्याचा हंडा म्हटलं होतं आणि व्यापारी सरोगसी थांबवा, नात्याप्रेमातली राहू द्या, अशी शिफारस केली होती. अहवाल कपाटात गेला. माझी विद्यार्थिनी कागद घेऊन आली ती त्यानंतर वर्षभरानं.

आता या सगळ्यात त्या बायका काय म्हणत होत्या? माझ्या वाचनात दोन अभ्यास आले. अमृता पांडे यांनी गुजरातेतल्या सरोगेट बायकांमध्ये राहून २०१४ साली पुस्तक लिहिलं. त्या बायका म्हणत की बीज कुणाचंही असो, रक्त आमचं लागलं, घाम आमचा गाळला, नातं कसं नाही? शर्मिला रुद्रप्पा यांचा अभ्यास बंगळूरचा, २०१५ चा. तिथल्या कितीतरी बायका कपड्यांच्या कारखान्यात काम केलेल्या. कारखान्यात शिव्या खाऊन मान मोडेपर्यंत शिवण्यापेक्षा हे काम बरं, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. "बिचाऱ्या बायकांना फसवलं" एवढं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही. त्या हिशोब करूनच आल्या होत्या. हिशोबातले बाकीचे रस्ते किती वाईट होते, हा प्रश्न आपल्याला विचारायचा नसतो.

पण हिशोबातल्या काही रकमा त्यांच्यापासून लपवलेल्या होत्या, हेही खरं. गर्भ राहावा म्हणून एका वेळी अनेक गर्भ सोडत. जास्त राहिले तर कमी करत. सिझेरियनचं प्रमाण मोठं होतं. मे २०१२ मध्ये अहमदाबादेत आठव्या महिन्यात एक सरोगेट बाई दगावली. बाळ वाचलं. त्याच वर्षी एका ऑस्ट्रेलियन जोडप्यानं जुळ्यांपैकी एकच बाळ नेलं आणि दुसरं इथेच ठेवलं, हे २०१४ मध्ये उघड झालं.

आपल्या मराठीत या विषयावर २०११ साली 'मला आई व्हायचंय!' हा समृद्धी पोरे यांचा चित्रपट आला. त्या स्वतः वकील. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये त्यावरून हिंदीत 'मिमी' झाला. आमच्या कॉलनीतल्या बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. मीही पुसले. पण माझ्या डोळ्यांपुढे ती अकरा पानं होती.

सरकारला जाग आली ती टप्प्याटप्प्यानं. २०१२ मध्ये गृहखात्यानं परदेशी जोडप्यांना वैद्यकीय व्हिसाची आणि लग्नाला दोन वर्षं झाल्याची अट घातली. २०१५ मध्ये ज्येष्ठ वकील जयश्री वाड यांची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आणि नोव्हेंबर २०१५ पासून परदेशी लोकांना दार बंद झालं. धंदा मात्र बंद झाला नाही, त्यानं फक्त गाव बदललं. आधीच तो नेपाळात पोचला होता. एप्रिल २०१५ च्या भूकंपात इस्रायलनं विमानं पाठवून तिथली सरोगसीतली बाळं उचलून नेली. ज्यांच्या पोटी ती जन्मली त्यांतल्या अनेक बायका भारतातल्या होत्या. त्यांच्यासाठी विमान आलं नाही. नेपाळनं आणि थायलंडनं त्याच वर्षी बंदी घातली. मग कंबोडिया. तिथे २०१८ मध्ये ३० हून अधिक गरोदर सरोगेट बायकांना अटक झाली, आणि ती मुलं तुम्हीच वाढवा या अटीवर सोडलं. गुन्हा कुणाचा आणि शिक्षा कुणाला!

आपला कायदा २०१६ च्या नोव्हेंबरात लोकसभेत मांडला गेला. त्यावर संसदीय समितीनं २०१७ मध्ये जे म्हटलं ते मला फार पटलं. डॉक्टरला फी, वकिलाला फी, रुग्णालयाला बिल, आणि जी नऊ महिने पोटात वाढवते तिनंच तेवढा परोपकार करायचा, हे कसं? समितीनं योग्य भरपाई द्या म्हटलं. ते मान्य झालं नाही. २०१८ मध्ये विधेयक लोकसभेत मंजूर होऊन बारगळलं, २०१९ मध्ये पुन्हा आलं आणि शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला. २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे.

आता व्यापारी सरोगसी करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. औषधपाणी आणि विम्यापलीकडे बाईला काही देता येत नाही. सरोगेट होणारी २५ ते ३५ वयाची, विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि तेही आयुष्यात एकदाच. तिला ३६ महिन्यांचा विमा. तिला कळेल त्या भाषेत सगळे धोके समजावून लेखी संमती घ्यायची. गर्भ सोडण्याआधी ती नाही म्हणू शकते. दवाखान्यानं सगळे कागद २५ वर्षं जपून ठेवायचे.

ही कलमं वाचताना मला एकेक करून माझी वही आठवत होती. हे सगळं २०१० मध्ये असतं तर!

पण हाच कायदा अविवाहित बाईला नाही म्हणतो. विधवा किंवा घटस्फोटिता असेल तर ३५ ते ४५ वयात चालेल. मार्च २०२३ मध्ये परक्याचं बीज घ्यायलाच मनाई केली. जिला जन्मतः गर्भाशय नाही, बीजही नाही, तिनं काय करायचं? अशा बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलासा मिळाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम सैल केला. एक बरी गोष्टही सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१५ मध्येच सरोगसीतून आई झालेल्या नोकरदार बाईला प्रसूती रजेचा हक्क दिला होता. जून २०२४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत अशा आईला आणि सरोगेट बाईलाही १८० दिवसांची रजा मिळू शकते. निदान इथे तरी दोघी एका ओळीत आल्या.

हे वाचणाऱ्यांत, आपल्या नात्यातही, अशी घरं आहेत जिथे मूल या वाटेनं आलं आहे. त्यांना दुखवायला मी हे लिहिलेलं नाही. मूल नसण्याचं दुःख मी जवळून पाहिलं आहे, आणि त्या लेकरांवर माझा बाकीच्यांइतकाच जीव आहे. मला एवढंच विचारायचं आहे, की त्या घरांत त्या बाईचं नाव कुणाला माहीत आहे का?

कारण आपल्याकडे जुनी रीत वेगळी होती. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ लागतं. तिथली धाराऊ गाडे. सईबाई आजारी, म्हणून बाळ संभाजीराजांना तिनं दूध पाजलं. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तिचं नाव आपण घेतो, 'दूधआई' म्हणतो. तिच्या घराला मान मिळाला, तिची मुलं राजांच्या पदरी राहिली. राजवाड्यातलं काम होतं, मोबदला असणारच. पण मोबदला दिला म्हणून नातं संपलं असं कुणी कागदावर लिहून घेतलं नाही. पैसे दिले की सगळं वाईट आणि फुकट केलं की सगळं पवित्र, असं मला म्हणूनच वाटत नाही. पैसे घेऊन माणूस माणसासारखा राहू शकतो, आणि फुकटातही नणंदा-जावांवर कसा दबाव येतो हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. बाईला विचारलं का, तिला कळलं का, आणि नंतर तिची आठवण ठेवली का, एवढे तीन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

असो. तर वही.

वही सापडली. ट्रंकेत, जुन्या हजेरीपटांखाली. विद्यार्थिनीला डॉक्टरांनी विचारलं होतं की आधी किती सिझेरियन, कुठली इंजेक्शनं, किती दिवस, रक्त चढवलं होतं का. तिच्याकडे एकही कागद नाही. कराराची प्रत तिला दिलीच नव्हती. तो दवाखाना आता त्या जागेवर नाही. नवऱ्याशिवाय घरात हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून ती कुणाला विचारूही शकत नाही.

आम्ही दोघींनी चष्मे लावून वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बाळाच्या आईबापांचे हक्क होते, दवाखान्याचे हक्क होते, हप्त्यांचं कोष्टक होतं. डॉक्टरांना उपयोगी पडेल असं त्यात काहीच नव्हतं. असणार कुठून? करारातच नव्हतं.

मग मी त्याच वहीच्या कोऱ्या पानावर तिला आठवेल तसं लिहून घेतलं. इंजेक्शनं अडीच-तीन महिने. सातव्या महिन्यात सूज. बाळंतपण सिझेरियननं, तारीख तिला तोंडपाठ. मुलगा. वजन कुणीतरी बोलताना ऐकलं होतं, दोन किलो आठशे. मी पानाखाली तिला सही करायला सांगितली. शाळेत होती तेव्हासारखीच, नावावर रेघ नीट ओढून तिनं ती केली.

पान फाडून डॉक्टरांना दाखवायला नेलं आहे. पुढच्या बुधवारी शस्त्रक्रिया आहे. मी जाणार आहे सोबत.